दोन हंसांची जागा

माझी आई मागाच्या फळीवर बसली की आधी काडी मागायची. बाबांनी छत्रीच्या सांगाड्यासाठी तासलेल्या काड्यांपैकी एक, मधल्या लाकडी डोक्यापासून कडेपर्यंत पोचणारी. काडीच्या टोकाशी अंगठा लावून ती ताणलेल्या सुतावर काडीमागून काडी टाकत जायची आणि तोंडानं गुणगुणायची:

सहा काड्या मोज, सातवीचा पाव,
दोन बोटं लाव, वर बाई.

छत्री केवढी ते काडी सांगायची आणि छत्रीच्या कडेला शिवायची विणलेली पट्टी केवढी ते गाणं सांगायचं. सहा काड्या, वर पाव काडी, वर दोन बोटं. एवढी पट्टी विणली की ती छत्रीला वळसा घालून निघाल्या जागी परत येते. आजीनं हे गाणं आईला दिलं, आईनं मला. मी मागावर काही रमले नाही. मी छत्र्यांवर फुलं रंगवते. पण अजूनही पातेल्याचं झाकण, विहिरीचा कठडा, काहीही गोल दिसलं की माझ्या ओठावर आधी सातवीचा पाव येतो.

बोसांग या आमच्या छत्र्यांच्या गावाच्या आसपास छत्रीचा एकेक अवयव एकेका गावात जन्मतो. कुठे डोकी कातली जातात, कुठे दांडे, कुठे कागद बनवला जातो. आमच्या घरी सांगाडा, कड आणि रंग अशी तीन कामं होती. बाबांना गाव नान इन्ता म्हणतं. तरुणपणी काही वर्षं भिक्खूचं चीवर घातलेला माणूस संसारात परतला तरी जन्मभर नानच राहतो. आई, सेंगला तिचं नाव, तीही त्यांना नानच म्हणते. लाडात असली की मऊ, रागात असली की करकरीत. लग्न झाल्यावर माझा नवरा खमसुक लांपांगहून सायकल आणि पान्ह्यांची पेटी घेऊन आमच्याकडे नांदायला आला, आमच्याकडे सगळेच जावई येतात तसा. त्यानं पडवीत सायकली दुरुस्त करायचं दुकान मांडलं. तेव्हापासून आमच्या अंगणात चाकं आणि छत्र्या शेजारी शेजारी वाळत असतात.

आईच्या पट्टीचं एक होतं. छत्रीला शिवून झाली की थोडी उरायचीच. लहान छत्रीला दोन बोटं, मोठीला चांगली वीत. उरलेलं कातरायचं, दोन टोकं एकावर एक आणायची, जोडावर कापडाचं पान शिवायचं, झालं. सगळ्याच छत्र्यांना तसं पान असतं, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. उरलेले तुकडे मात्र आई टाकायची नाही. लहानपणी माझ्या वेण्यांना तेच, बाबांच्या कोयत्याच्या मुठीला तेच, आणि एकमेकांना जोडून झालेली एक जाडजूड गोधडी, तीही त्यांचीच.

"नानची काडी उदार," आई म्हणायची. "एवढुशा छत्रीला केवढी पट्टी विणायला लावते."

"काडी काडीएवढीच असते," बाबा तासणीवरून नजर न उचलता म्हणायचे. "तूच सैल विणतेस."

"मी सैल? गावात विचारा माझ्या हाताला काय म्हणतात."

"विचारलंय. म्हणाले, हात घट्ट, जीभ सैल."

हे भांडण माझ्याहून वयानं मोठं होतं. कधी मिटलं असतं तर दोघांना करमलं नसतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आजी गेली. आईची आई. तिनंही जन्मभर पट्ट्याच विणल्या. शेवटच्या वर्षी ती लोंगनच्या फळबागेतून घरी यायची, तेव्हा डोक्यावर उजवा हात उपडा धरून यायची. ऊन लागू नये म्हणून. घरात छत्र्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या, पण त्या विकायच्या. आपल्यासाठी एक काढून ठेवावी हे ना तिला कधी सुचलं, ना आम्हाला. ती गेल्यावर आईला एकच आठवत राहिलं, तो उपडा हात.

"सलाकला तिच्या नावानं छत्री देणार," आईनं सांगून टाकलं. सलाकच्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी टोपल्या भरून विहारात नेतात, आणि इथं दिलेलं तिकडे त्यांना मिळतं. "मोठी. पांढऱ्या कापडाची. आणि बिनजोडाची."

बाबांनी तासणी खाली ठेवली. "बिनजोडाची कशी?"

"आई म्हणायची, जोडातून ऊन शिरतं. पट्टीच्या शेवटाकडची ताण्याची सुतं सुरुवातीच्या सुतांना एकेक करून गाठणार. हंसांची रांग विणणार. मागच्यानं पुढच्याची शेपटी चोचीत धरायची, आणि शेवटच्याची शेपटी पहिल्यानं. कुठे सुरू झाली, कुठे संपली, कुणाला सांगता येता कामा नये."

आणि तिथंच तिनं गाण्याला नवी ओवी जोडली:

घेर पुरा झाला, हंस मागे वळे,
चोच त्याची जुळे, शेपटीशी.

बाबांनी मोठ्या छत्रीचा सांगाडा करायला घेतला. काडी सत्तर सेंटिमीटरची. ती आईच्या हातात पडली तसा खमसुकही जवळ येऊन बसला.

"आई, या वेळी उरायला नको ना? मग गाण्यावर सोडू नका. मी काढून देतो." त्यानं वंगणानं काळ्या झालेल्या बोटानं अंगणातल्या मातीत आकडे मांडले. "काडी म्हणजे त्रिज्या. तिची दुप्पट एकशे चाळीस. त्याला बावीसनं गुणायचं, सातनं भागायचं. चारशे चाळीस. हा परीघ. चाकाची धाव अशीच काढतात."

आईनं तेवढ्यात सुतावर काडी टाकायला सुरुवात केलीच होती. सहा काड्या झाल्या, काडीएवढ्या दोरीची दुहेरी घडी घालून पाव झाला, वर दोन बोटं. खमसुकनं टेप लावली. चारशे चाळीसला केसभर कमी.

"तुझी शाळा कितवीपर्यंत?" आईनं विचारलं.

"नववी."

"माझं गाणं दोन ओळी. वेळ कुणाचा कमी गेला बघ." पण खूश झाली होती. जावयाच्या आकड्यांची आणि आजीच्या गाण्याची अशा दोन साक्षी मिळाल्यावर आता कोण शंका घेणार. तिनं आपल्या मुठीएवढा, दहा सेंटिमीटरचा एक हंस धरला. चव्वेचाळीस हंस बसणार होते.

आणि चव्वेचाळीस जागा आहेत म्हटल्यावर तिला नवीच कल्पना सुचली. नुसती आजीच का? एकेक हंस एकेका गेलेल्या माणसाचा. पहिला आजीचा. विणायला बसली की ती आधी नाव घ्यायची, मग धोटा टाकायची. आजोबा, त्यांची बहीण, पुरात गेलेला मामा, शेजारची कुंभारीण जिनं मला न्हाऊ घातलं होतं. बाबांची माणसं झाली. मग एका संध्याकाळी तिनं खमसुकला हाक मारली.

"तुझी सांग रे, लांपांगची."

"माझी कशाला, आई?"

"मग काय, जावयाची माणसं उन्हात ठेवू? सांग."

तो चाकात हवा भरत होता. पंप तसाच धरून उभा राहिला, मग एकेक नाव सांगायला लागला. आजी. थोरला भाऊ. भावाचं नाव सांगताना तो पंपाकडेच बघत राहिला, तेव्हा आईनं त्या हंसाला निळा डोळा घातला.

बाबांनी आपल्या लहानपणीची म्हैस सुचवली. आई म्हणाली, म्हशीला कशाला छत्री. बाबा म्हणाले, तिनं मला नांगरटीत दोनदा सावली दिलीय, उभी राहून. म्हशीचाही हंस झाला, इतरांपेक्षा पोटात थोडा रुंद, असं बाबा म्हणतात.

बेचाळीस झाले आणि नावं संपली. दोन जागा उरल्या. "आता कोण?" मी विचारलं.

"आहेत, फिम," आई म्हणाली. ते दोन हंस तिनं एकाच दुपारी विणले. ओठ हलले, पण नाव ऐकू आलं नाही. आकारानं ते इतरांएवढेच होते, फक्त त्यांच्या पंखांवर नक्षी नव्हती. कोवळे वाटत होते.

सलाकला बारा दिवस उरले असताना पट्टी मागावरून उतरली. बाबांनी सांगाड्यावर पांढरं कापड चढवलं होतं, तेही वाळलं होतं. छत्री उघडून दांड्यावर उभी केली. आई पट्टी घेऊन कडेनं फिरू लागली, मी टाचण्या लावत तिच्या मागे.

फेरी पूर्ण झाली. पहिला हंस समोर आला आणि आईच्या हातात अजून दोन हंस लोंबत होते.

आईनं टाचण्या काढल्या, पुन्हा फिरली. पुन्हा तेच. दोन हंस बाहेर.

"सैल," बाबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि आईचा चेहरा बघून त्यांनी तो शब्द परत गिळला.

"मी सैल विणली नाही, नान." करकरीत नव्हता तो आवाज. मऊही नव्हता.

खमसुकनं टेप आणली. पट्टी चारशे चाळीस, बरोबर. त्यानं अंगणात खुंटी ठोकली, काडीएवढी दोरी बांधली, वर्तुळ काढलं, आणि त्या रेघेवर आम्ही पट्टी अंथरली. चव्वेचाळिसाव्या हंसाची शेपटी बरोबर पहिल्याच्या चोचीशी आली, जशी आईनं मनात पाहिली होती तशी. गाणं खरं, आकडेही खरे. मग छत्रीत खोट काय?

"छत्री आण इकडे," बाबा म्हणाले.

उघडी छत्री आम्ही त्या वर्तुळावर उपडी न करता तशीच खाली टेकवली. खुंटी उपटून तिथंच केलेल्या खड्ड्यात दांडा घालून इतकी खाली आणली की कड जमिनीला लागली. कड रेघेवर आलीच नाही. सगळीकडून रेघेच्या आत, दोन बोटं.

बाबा उकिडवे बसले. त्यांनी एक बोट कडेवर ठेवलं, एक रेघेवर, आणि तसेच बसून राहिले. मग हळूच हसायला लागले. हसू असं की त्यात रडूही मावेल.

"छत्री उतरती असते गं," ते म्हणाले. "कोंबडी पिलांवर बसते तशी. काडी तिरकी जाते. तिरक्या काडीची भुईवरची लांबी कमी भरते. आणि मी जन्मभर तुला आडवी काडी देत आलो."

आई उभीच होती. "म्हणजे ते तुकडे..."

"तो माझा उतार होता. सगळी गोधडी माझा उतार आहे."

खमसुक डोकं खाजवत म्हणाला, "चाकाला उतार नसतो. माझ्या ध्यानातच आलं नाही." दुसऱ्या कुठल्या कामात ही चूक झाली नसती. कागदाची छत्री असो की कापडाची, आमच्याकडे काडीलाच छत्रीचं माप म्हणतात. काडी मोजली की छत्री मोजली. आणि जोडावरचं ते पान पिढ्यानपिढ्या सगळं झाकत आलं होतं.

"छत्री चपटी करून चालेल?" मी विचारलं. "आतल्या टेकणकाड्या लांब केल्या तर?"

"पार ताटासारखी केली तर पट्टी बसेल," बाबा म्हणाले. "पण मग ती छत्री नाही. पहिल्याच सरीत मध्ये तळं साठेल."

"मग सोपं आहे," खमसुक आईची समजूत घालत म्हणाला. "आई, शेवटचे दोन उसवू. ताणे मोकळे होतील, तेच पहिल्याला गाठायचे. बिनजोडाचीच राहील. बेचाळीस काय वाईट? अर्ध्या दिवसाचं काम."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आईलाही कळत होतं. ती पायरीवर बसली, पट्टीचं टोक मांडीवर घेतलं, सुई हातात घेतली. सुईचं टोक पंखांवर नक्षी नसलेल्या हंसापाशी नेलं. आणि तिथं ते थांबलं.

"म्हैस काढ," बाबा म्हणाले. "म्हशीचं मी बघून घेईन."

"म्हैस मधोमध आहे, नान." ती जराशी हसली. सुई मात्र हलली नाही.

"दे, मी उसवतो. तुला डोळ्यांचा त्रास होतो." बाबा तिच्या शेजारी बसले. "कुणाचे आहेत हे? नाव सांग, त्यांची माफी मागून काढतो."

"नाव नाही."

"नाव नाही असं कसं?"

"ठेवलंच नव्हतं." आईनं दोन्ही हंसांवर तळहात ठेवला. उपडा, आजी उन्हात धरायची तसा. "फिमच्या आधीची दोन. तुमचीच."

माझ्याआधी दोन बाळं आली आणि डोळे न उघडताच गेली, एवढं मला कुंभारणीकडून कधीतरी कळलं होतं. घरात मात्र त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे. नाव नसलेल्यांना सलाक नसते. टोपली कुणाच्या नावानं भरायची?

"सगळ्यांची नावं संपली आणि दोनच जागा उरल्या," आई म्हणाली. "मी काही ठरवलं नव्हतं. तेच आले रांगेत. शेपटी धरून." मग म्हणाली, "उसवते मी. पट्टी बसली नाही तर आईला छत्री कशी जाणार? ती रागावायची नाही. तिला माहीत आहे ती दोघं."

बाबांनी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशावर टोचून ठेवली. मग उठले आणि चुलीवरच्या माळ्याकडे गेले. शिडी लावल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, मग जुन्या काजळीचा लोट खाली उतरला. त्यामागून बाबा उतरले. खांद्यावर एक बांबू.

तो बांबू आम्ही सगळेच ओळखत होतो. दोन पेरांमध्ये एवढं लांब, सरळ, बिनगाठीचं कांडं बाबांना डोंगरात एकदाच सापडलं होतं. छत्रीच्या काड्या एकाच कांड्याच्या असाव्या लागतात. चिरताना जो क्रम, त्याच क्रमानं त्या डोक्यात बसवायच्या. मग छत्री मिटली की काड्या एकमेकींना लागून पुन्हा तोच बांबू होतो, साल सालीला मिळते. हे कांडं बाबांनी धुरावर मुरत ठेवलं होतं ते स्वतःसाठी. ते गेल्यावर त्यांच्या नावानं द्यायच्या छत्रीसाठी. "माझी छत्री माझ्याच हातची असेल," असं ते सगळ्यांना ऐकवायचे, "तुम्ही कुणी वाकडी कराल."

"नान," आई म्हणाली, "तो तुमचा आहे."

"हो ना. माझाच आहे." त्यांनी बांबू अंगणात आडवा ठेवला आणि फडक्यानं काजळी पुसायला लागले. "खमसुक, आता घेर आधी सांगतो, काडी तू सांग. उतार हाच ठेवायचा, अजिबात बदलायचा नाही."

खमसुक मातीत बसला. बराच वेळ काहीतरी लिहिलं, पुसलं. मग म्हणाला, "त्रिज्या, परीघ सगळं सोडतो, बाबा. उतार तोच असेल तर साधंच आहे. बेचाळीस हंसांना सत्तरची काडी लागली. चव्वेचाळीस हंसांना किती?"

"तू सांग."

"त्र्याहत्तर आणि वर सेंटिमीटरचा तिसरा हिस्सा."

"दोन माणसं वाढली तर एवढंच?" बाबांनी दोन बोटं काडीच्या टोकापाशी धरून पाहिली. त्यांनी कांड्याला टेप लावली. पेरापासून पेरापर्यंत, डोक्याच्या खाचेत जाणारा भाग धरूनही, पुरत होतं. उरत होतं ते मुठीएवढं.

पुढचे दिवस आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही. भाताची टोपली अंगणातच असायची, येता जाता एक गोळा तिखटात बुडवून तोंडात टाकायचा आणि परत कामाला. बाबा कांडं चिरायचे आणि प्रत्येक काडीच्या सालीवर कोळशानं खूण करायचे, क्रम चुकू नये म्हणून. खमसुकनं चाकांना सुट्टी दिली. तो टेकणकाड्यांना भोकं पाडायचा, त्याच्या पान्ह्यांच्या पेटीतल्या बारीक गिरमिटानं. बाबा दर थोड्या वेळानं येऊन बघायचे.

"ही सायकल नाही रे, हळू."

"सायकल असती तर कधीच झाली असती."

"आणि तिच्यावर बसून आजी वर कुठे गेली असती? उतारावर ब्रेक लागत नाहीत तुझे."

मी नवं कापड खळीत बुडवून चढवलं. आई नुसती बसून होती, पट्टी मांडीवर. काम करायची सवय असलेली माणसं रिकामी बसली की वेगळीच दिसतात. तिच्या केसांत एवढं पांढरं कधी झालं, ते मी त्या दिवसांत पाहिलं.

या वेळी बाबांनी काडी तिला दिली नाही. सांगाडा उघडला, अंगणातल्या त्याच वर्तुळावर आणला, आणि कड जमिनीला टेकवली. कड रेघेवर उतरली. एके ठिकाणी केसभर आत होती. बाबांनी तिथली, काड्यांची टोकं जोडणारी दोरी सोडून पुन्हा बांधली, तेव्हा तिथंही रेघ झाकली गेली.

आई पट्टी घेऊन उठली. मी टाचण्या घेतल्या. ती फिरत गेली तशी ओठांतल्या ओठांत नावं घेत गेली. आजी, आजोबा, मामा, कुंभारीण, खमसुकचा भाऊ, म्हैस. शेवटी दोन वेळा ओठ हलले, आणि या वेळी बाबांचेही हलले. शेवटचा हंस आणि पहिला हंस यांच्यात ताण्याच्या मोकळ्या दशांपुरतीच जागा राहिली. आईनं चष्मा चढवला आणि गाठी मारायला बसली. एकेक सूत, एकेक गाठ. बाबा शेजारी बसून सूत उजेडात धरून देत होते. सुई अजून त्यांच्या खिशावरच होती, ती तिनं मागून घेतली.

संध्याकाळी तिनं पट्टीवरून बोट फिरवत पूर्ण फेरी मारली, डोळे मिटून. मग मला म्हणाली, तू फिरव. मी फिरवलं. गाठी कुठे होत्या ते मला सापडलं नाही. खमसुकला म्हशीचा हंस सापडला, एवढंच.

सलाकच्या सकाळी विहाराच्या अंगणात टोपल्यांची गर्दी होती. आमची छत्री उघडी उभी केली होती, खाली पट्टीवर हंस गोल फिरत होते. भिक्खूंनी विचारलं, कुणाच्या नावानं? आईनं नावं सांगायला सुरुवात केली. लांबत गेली. मागचे लोक कुजबुजायला लागले, आणि म्हशीपाशी तर एक बाई उघड हसली. भिक्खू हसले नाहीत. शेवटी आई थांबली. तेव्हा बाबा पुढे झाले.

"आणि माझी दोन मुलं," ते म्हणाले. "नावं नाहीत. रांगेत शेवटी आहेत. आजीच्या पुढे म्हटलं तरी चालेल."

भिक्खूंनी मान हलवली आणि दान सगळ्यांना पोचावं म्हणून पाणी ओतलं.

घरी परतलो तेव्हा पायऱ्यांपाशी पहिली छत्री उभी होती, सत्तरच्या काडीची. ती विकायला काढायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. आईनं ती जाता जाता उघडली, डोक्यावर धरून पाहिली आणि तशीच बंबातलं पाणी बघायला म्हणून अंगणात गेली. बंब तर सावलीत होता.

परत आली ती बाबांसमोर येऊन बसली. "हात करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

मागावर उरलेल्या सुताच्या दशा तिनं वळून ठेवल्या होत्या. पट्टीतलं या वेळी काहीच उरलं नव्हतं, या दशाच काय त्या होत्या. ती दोरी तिनं बाबांच्या मनगटाभोवती घेतली.

"काडी नको का मोजायला?" बाबांनी विचारलं.

"या मनगटाला काडी लागत नाही." तिनं गाठ मारली, वर दुसरी मारली. जीव शरीर सोडून भटकू नये म्हणून बांधतात तशी. "ऐका नान. उद्या खमसुकला घेऊन डोंगरात जा आणि तसंच कांडं शोधा. सापडायला वेळ लागेल. मग ते धुरावर मुरायला हवं, तेही घाईनं नाही. तोवर तुमची छत्री नाही. म्हणून मरायचं पुढं ढकला."

"किती पुढं?"

"मी सांगेन तेव्हा."

बाबांनी मनगट वळवून गाठ पाहिली. "सैल आहे," ते म्हणाले.

आईनं उरलेलं टोक दातानं तोडलं आणि भाताची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. रात्री भांडी घासताना मी ऐकलं, ती नवी ओवी जुळवत होती, मुद्दाम मोठ्यानं, पलीकडे तासणी परजत बसलेल्या माणसाला ऐकू जावी अशी:

तिरकी ही काडी, मोजू नये कधी,
घेर बघ आधी, भुईवर.